झाडांचा राजा

आमच्या धर्मग्रामात दर शनिवारी सायंकाळी नववी-दहावीच्या मुलामुलींचा एक वर्ग भरतो. त्याला वर्ग म्हणणे थोडे धाडसाचेच आहे. चर्चच्या मागील पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर बसलेली सतरा-अठरा मुले, कोपरा फुटलेला एक फळा आणि आम्ही. प्रथम धर्मशिक्षण होते आणि उरलेल्या तासाभरात काहीतरी मराठी वाचले जाते. बीड जिल्ह्यातील इतर हजारो घरांप्रमाणे यातील काहींच्या घरचे लोक दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. तोवर मुले आजी-आजोबांजवळ असतात. ही गोष्ट आम्हांला पूर्ण ठाऊक होती, असे आम्ही समजत होतो. त्याविषयी पुढे येईलच.

राजकीय उपहास आणि रूपककथा हा विषय आम्ही ठरवून निवडला नव्हता. तो एका मुलाच्या मोबाईलमधून आला. एका पुढाऱ्याचे डोके गाढवाच्या धडावर चिकटवलेले एक चित्र त्याने सर्वांना दाखवले आणि हशा पिकला. आम्ही विचारले, "यात सांगितले काय आहे?"

"तो गाढव आहे, फादर."

"ते दिसते आहे. पण त्याने काय केले म्हणून तो गाढव?"

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. वास्तविक आमच्या भागातील गाढव वीटभट्टीवर दिवसभर ओझी वाहते, कोणाचे काही बुडवीत नाही. मग या चित्रात अपमान नेमका कोणाचा झाला, असे आम्ही म्हणालो तेव्हा मुले पुन्हा हसली. परंतु यावेळचे हसणे निराळे होते. या दोन हसण्यांमधील अंतर मुलांना शिकवता येईल काय, असा विचार त्या रात्री मनात आला.

प्रारंभ पवित्र शास्त्रापासून केला. जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाची कथा आहे. अबीमलेखाने आपले सत्तर भाऊ एकाच दगडावर ठार केले असे तेथे सांगितले आहे. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. शखेमच्या लोकांनी त्या अबीमलेखालाच राजा केले. तेव्हा योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला आणि त्याने खालच्या लोकांना एक गोष्ट सांगितली. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली, अंजिराकडे गेली, द्राक्षवेलीकडे गेली. प्रत्येकाने आपले तेल, आपली गोडी, आपला रस सोडून यायला नकार दिला. अखेर झाडे काटेरी झुडपाकडे गेली आणि ते झुडूप मात्र लगेच तयार झाले. त्याने अट घातली, की मनापासून राजा करीत असाल तर माझ्या सावलीत या. नाहीतर माझ्यातून अग्नी निघेल आणि लबानोनचे गंधसरू भस्म करील.

यातील हसू कोठे आहे, हे पंडितांच्या टीकेवाचून आमच्या मुलांना समजले. "येडी बाभळ!" एक मुलगा ओरडला. वेड्या बाभळीच्या सावलीला बसण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे आणि जिच्या काट्याने ज्याच्या सायकलची ट्यूब फुटली आहे, त्याला त्या झुडपाच्या आमंत्रणातील विनोद समजावून सांगावा लागत नाही. आम्ही फळ्यावर एवढेच लिहिले : 'सावली'. सगळी कथा या एका शब्दावर उभी आहे. जे त्याच्याजवळ नाही, तेच देण्याचे वचन झुडूप देते. योथामाने अबीमलेखाला एकही शिवी दिली नाही. त्याच्या आश्वासनाचे माप तेवढे घेतले.

कथा सांगून होताच योथाम पळून गेला, असेही शास्त्रात आहे. तो भित्रा होता काय, असे आम्ही विचारले. मागच्या रांगेतून उत्तर आले, "नाही फादर, पळाला म्हंजी गोष्ट बरोबर लागली!"

पुण्याच्या सेमिनरीत आम्हांला रूपकार्थ शिकवला गेला तो निराळ्या वाटेने. शास्त्रवचनाला शब्दार्थाबरोबर गूढ अर्थही असतात आणि प्राचीन आचार्यांनी ते कसे उलगडले, याचा अभ्यास होता. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातील उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे संत पौल, असे संत ऑगस्टीन सांगतात. विद्यार्थिदशेत आम्हांला याची मोठी मौज वाटे. आता वाटते, की प्रत्येक खुंटीला काही ना काही टांगलेच पाहिजे, ही सवय वाचकाला कधी कधी मूळ गोष्टीपासून दूर नेते. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाकडे पाहायचे सोडून आपण रखवालदाराचे नाव शोधत बसतो.

मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. गोदावरीच्या पलीकडे, आमच्या गेवराई तालुक्यापासून फार दूर नसलेल्या पैठणला एकनाथांनी भारुडे रचली. विंचवाचे भारूड मुलांनी शाळेत आणि गावच्या कार्यक्रमात ऐकलेले होते. परंतु नाथांनी अर्जदास्त, ताकीदपत्र, जमाखर्च अशा सरकारी कागदांच्या घाटातही भारुडे लिहिली आहेत, हे त्यांना नवे होते. शरीर हा परगणा आणि जीव हा त्या परगण्यावरचा अंमलदार, अशी ती कल्पना. रोख आध्यात्मिक, परंतु त्या काळच्या फारसी वळणाच्या दफ्तरी भाषेची आणि अंमलदारांच्या कारभाराची नक्कल इतकी हुबेहूब, की ऐकणाऱ्याला दोन्हीकडचे ऐकू यावे. ज्यांच्या पणजोबांनी 1948 पर्यंत निजामाच्या अमलातील दफ्तरे पाहिली आणि ज्यांच्या आज्या आजही दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या चढतात, त्या मुलांना यात गंमत वाटली नसती तरच नवल.

दिवाळीनंतर आम्ही 'कीचकवधा'कडे वळलो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तील टिळकांचे सहकारी. त्यांचे हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील विराटपर्वाची. पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी झाली आहे. राणीचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक तिचा अभिलाष धरतो आणि राजा विराट दुबळेपणाने पाहत राहतो. युधिष्ठिर धीर धरायला सांगतो, भीमाला धीर धरवत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रेक्षकाला कळत होते, की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे परवश हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने 1910 साली हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले, त्यात त्याला या नाटकाची दखल घ्यावी लागली आणि त्याच साली सरकारने नाटकावर बंदी घातली. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते.

या ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण विषयाचे खरे मर्म येथे आहे. नाटकांवर बंदी घालण्याचा कायदा सरकारजवळ 1876 पासून होता. परंतु या नाटकावर बंदी घालायची, तर सरकारला आधी काय मान्य करावे लागले? एक मुलगी हळूच म्हणाली, "की कीचक म्हणजे आमचाच माणूस." अगदी तेच. व्यासांची कथा राजद्रोही ठरवता येत नाही. ती राजद्रोही ठरते, ती कीचकाच्या चेहऱ्यात आपला चेहरा ओळखणाऱ्याच्या दृष्टीने. लेखक फक्त आरसा धरतो, बोट दाखवण्याचे काम पाहणाऱ्यालाच करावे लागते.

तेव्हा एका मुलाने आम्हांला पेचात टाकले. इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे कर्झन 1905 मध्येच परत गेला होता. मग 1907 च्या नाटकाची 1910 मध्ये भीती कशाला? प्रश्न इतका चांगला होता, की आम्ही उत्तर पुढच्या शनिवारवर टाकले. आठवडाभर विचार करून आम्हांला जे सुचले ते असे : उपहास केवळ माणसावर असेल, तर माणूस गेला की तो शिळा होतो; मोबाईलवरील ते गाढव आठवड्यात विसरले गेले. खाडिलकरांचा कीचक ही एक खुर्ची होती. तिच्यावर बसणारा बदलला तरी खुर्ची तेथेच होती.

खुर्चीचा विषय निघाल्यावर 'घाशीराम कोतवाल' टाळता येत नाही. ते संपूर्ण नाटक या वयाच्या मुलांपुढे वाचणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. कथानक सांगून भागवले. विजय तेंडुलकरांचे हे नाटक 1972 चे. त्यात नाना फडणवीस आपल्या सोयीसाठी घाशीरामाला कोतवाल करतात आणि सोय संपताच जमावाच्या हवाली करतात. इतिहासातील घाशीराम 1791 मध्ये पुण्यात दगडांनी मारला गेला. नाटक पाहून अनेकांना वाटले, की नानांची बदनामी झाली. त्यावरून मोठे वादळ उठले. तेंडुलकरांचा रोख मात्र इतिहासावर नव्हता. सत्ता आपले घाशीराम कसे तयार करते, याचा तो शोध होता. रूपककथा लिहिणाऱ्याला हा धोका नेहमीच पत्करावा लागतो. कधी कोणाला काहीच कळत नाही, तर कधी भलत्यालाच ती आपली वाटते.

याच्या उलट प्रकार व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'चा. 1982 सालची ही छोटी कादंबरी. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तीत वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांच्या हद्दी आहेत, म्हाताऱ्या होणाऱ्या म्होरक्याला हुसकावून त्याची जागा घेणारा नवा नर आहे. मुलांनी वाचता वाचताच प्रत्येक वानराला एकेक पक्ष वाटून टाकला आणि वाटणीवरून भांडणही केले. आम्ही त्यांना थांबवले. जॉर्ज ऑर्वेलच्या 1945 सालच्या 'ॲनिमल फार्म'मधील डुकरांना स्टालिन आणि ट्रॉट्स्की ही नावे देता येतात, कारण लेखकाने ती जोडणी मुद्दाम केलेली आहे. माडगूळकरांनी वानरांना वानरच ठेवले. त्यांचे चालणे, ओरडणे, पिलांचे हाल, सारे जंगलात बसून पाहिलेल्या माणसाचे आहे. केवळ शीर्षकाचा एक शब्द माणसांच्या जगातला आहे आणि तेवढ्याने सगळे जंगल आपल्याकडे पाहू लागते. कुलूप नसलेल्या दाराला किल्ली शोधू नये, एवढेच आम्ही मुलांना सांगितले.

नाताळानंतर मुलांना स्वतः लिहायला सांगितले. पहिल्या खेपेला आलेल्या गोष्टी जशा असायच्या तशाच होत्या. दोन-तीन गोष्टींत बेडूक सरपंच झाला होता. एका मुलाने तोतऱ्या पोपटाची कथा लिहिली. तो पोपट म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात काम करणारे, बोलताना अडखळणारे वृद्ध गृहस्थ, हे सर्वांनी ओळखले. या मुलाला आम्ही रागावलो नाही. त्याला पुन्हा डोंगरावरील योथामाकडे नेले. योथामापाशी सैन्य नव्हते आणि ज्याच्यावर त्याची गोष्ट होती तो राजा होता. प्रभू येशूने हेरोदाला कोल्हा म्हटले, तेव्हा हेरोद सत्तेवर होता. ज्याला उलट बोलता येत नाही त्याची गोष्ट करणे सोपे आहे. त्याला उपहास म्हणत नाहीत. मुलाने कागद फाडला. मग आम्ही नाथान संदेष्ट्याची कथा वाचली. दावीद राजापुढे उभे राहून त्याने गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंताला त्याने मरणाची शिक्षा सुनावली आणि मगच नाथानाने त्याला सांगितले, की हा श्रीमंत म्हणजे आपणच. नाथानाने मेंढीच का निवडली? कारण दावीद पूर्वी मेंढपाळ होता. गोष्ट ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या वाटेने आत शिरली पाहिजे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने समजावले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी नववीतील एका मुलीने आपली वही दिली. तिची गोष्ट आम्ही वर्गात मोठ्याने वाचली. एक तळे होते आणि तळ्याची देखभाल एका पांढऱ्या शुभ्र बगळ्याकडे होती. तो फार चांगला बगळा होता, डोळे मिटून एका पायावर पुष्कळ ध्यान करी. मोठ्या होणाऱ्या पिलांना तो तळ्याच्या मधल्या नितळ पाण्यात नेत असे. परंतु त्यासाठी नियम होता, की पिलाच्या आईबापांनी तीन पौर्णिमा काठावर येऊन बसले पाहिजे. काही पाखरे पावसाळा सरला, की दूरच्या हिरव्या रानात चारा शोधायला जात आणि उन्हाळ्यात परत येत. त्यांची पिले म्हाताऱ्या आजीजवळ राहत. तीन पौर्णिमा थंडीच्या होत्या. ती पिले काठच्या चिखलात उभी राहिली. एका टिटवीने बगळ्याला विचारले, या पौर्णिमा तू कोणत्या ऋतूतल्या निवडल्यास? बगळ्याने दोनदा घसा खाकरला आणि म्हणाला, नियम सर्वांना सारखा. उन्हाळ्यात ती पाखरे परत आली तेव्हा तळे आटले होते.

गोष्ट उत्तम होती. आम्ही तसे म्हटले. अनुदानाच्या याद्या, शिधापत्रिका, हजेरीच्या अटी, असे काय काय आमच्या डोळ्यांपुढे आले. आम्ही आवेशाने म्हणालो, की अशा बगळ्याला तळ्यावरून हाकलून दिले पाहिजे. मुलांनो, कोण आहे हा बगळा? कोणीच बोलेना. पुढच्या रांगेतील एक मुलगा गुडघ्यांत तोंड घालून थरथरत होता. तो रडत नव्हता. लिहिणारी मुलगी सतरंजीचा धागा उपसत होती. वर्गाला पुन्हा विचारावे म्हणून आम्ही घसा खाकरला. दोनदा.

वाचकांना सांगायला हवे, की त्या वर्षी आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाचा साक्रामेंत द्यायचा होता. उमेदवारांच्या आईवडिलांनी डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीतील तीन सभांना आलेच पाहिजे, असा नियम आम्ही सूचनाफलकावर लावला होता. हा नियम आमच्या पूर्वीच्या, शहरातील धर्मग्रामात उत्तम चालला होता. तो जसाच्या तसा आम्ही येथे आणला. यादीतून पाच नावे गळली होती आणि आमची समजूत अशी, की त्या घरांत श्रद्धेची आस्था कमी आहे. त्याच आठवड्यात एका प्रवचनात आम्ही तसे बोललोही होतो. पाचही घरांचे कोयते तेव्हा कारखान्यांच्या फडांवर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर. सभेसाठी फड सोडून यायचे तर खाडा पडणार आणि तो उचलीवर चढणार. हे सारे आम्हांला ठाऊक होते. या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ते आम्हीच लिहिले आहे.

वर्ग त्या दिवशी लवकर सोडला. रात्री शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून बसलो. आजवर किती तरी वेळा आम्ही त्यावर प्रवचन केले असेल आणि दर वेळी नाथानाच्या बाजूने उभे राहून केले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर ती मुलगी दारात उभी होती. "फादर, माझं चुकलं का?" आम्ही म्हटले, गोष्टीत काही चुकले नाही. तिने थोडा विचार केला. "बगळ्याच्या जागी कावळा करू का? वार्षिकात घ्यायची आहे ना."

हस्तलिखित वार्षिकाची कल्पना आमचीच होती. मोह झाला नाही असे नाही. परंतु कावळ्याचा अंगरखा पांढरा नसतो आणि कावळा ध्यान करीत नाही. बगळाच राहू दे, असे सांगितले. खाकरण्याचे वाक्य काढायचे काय, असेही तिने विचारले. तेही राहिले. खरे तर सगळ्या गोष्टीचा सांधा तेथेच होता. ते वाक्य नसते, तर आम्ही आजही तहसील कार्यालयाला नावे ठेवीत बसलो असतो.

नियम बदलला. त्या पाच घरांसाठी सभा एप्रिलअखेर, सलग तीन रविवारी ठेवल्या. हे सर्वांना रुचले नाही. ज्यांनी थंडीत तीन वेळा दुकान बंद ठेवून हजेरी लावली होती, त्यांतील दोन गृहस्थांनी आम्हांला स्पष्ट विचारले, की नियम सर्वांना सारखा नको काय? त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्यांना समजावताना आम्ही पुष्कळ बोललो, तरी समाधान झाल्याचे दिसले नाही. त्यांपैकी एक आजही आमच्याशी मोजकेच बोलतात.

एप्रिलमधील पहिल्या सभेला मुलीचे वडील आले. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. सभा संपल्यावर ते मागे रेंगाळले आणि म्हणाले, "फादर, पोरीनं तुमच्यावर काहीतरी लिवलंय म्हणं." आम्ही कपाटातून वार्षिक काढून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मुलीकडे दिले. ती शेडच्या खांबाला टेकून वाचू लागली. वडील खाली बघून ऐकत होते. टिटवीच्या प्रश्नापर्यंत ती आली, थांबली आणि तिने आमच्याकडे पाहिले. आम्हांला नेमका त्याच वेळी खोकला आला.